डावीकडून तिसऱ्या मुलीच्या आईकडून

सर,



तुमचं नाव इथे लिहीत नाही. गंगापूर रोड, कॉलेज रोड, कॅनडा कॉर्नर या पट्ट्यातल्या आणखी चार क्लासवाल्यांना हे पत्र आपल्यालाच आहे असं वाटलं, तर त्यांनी ते खुशाल आपलंच समजावं. तुम्हाला मात्र ओळख पटायला वेळ लागणार नाही. तुमच्या फ्लेक्सवर डावीकडून तिसरी मुलगी उभी आहे ना, तिची मी आई. अभिनंदन करायला लिहीत नाही. तुमचं अभिनंदन तुम्ही स्वतःच सात फुटी अक्षरांत छापून घेतलं आहे.

त्या फोटोपासूनच सुरुवात करते. आमच्या घरात सगळं तिथूनच सुरू झालं. २०२४ च्या नीटचा निकाल ४ जूनला लागला, लोकसभेच्या निकालाच्याच दिवशी. पेपरफुटीवरून देशभर रान पेटलं होतं, वाढीव गुणांचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं, निकाल टिकतो की परीक्षा पुन्हा होते हे कुणालाच कळत नव्हतं. आठवड्याभरात तुमचा फ्लेक्स चौकात लागलासुद्धा. फोटो तिच्या बारावीच्या हॉल तिकिटावरचा. त्याखाली कुणीतरी कॉम्प्युटरवर पांढरा ॲप्रन जोडला होता, गळ्यात स्टेथोस्कोप अडकवला होता. तिने तोवर आयुष्यात ॲप्रन घातला नव्हता. तो ॲप्रन तिच्या मापाचाही नव्हता, मान एकीकडे आणि खांदे दुसरीकडे. तिने तो बघितला आणि म्हणाली, "आई, ही मी नाहीये." मी हसले. फोटो बिघडलाय एवढाच मी अर्थ घेतला. तेव्हा हसले, याचं मला आज फार वाईट वाटतं.

तुम्ही मला कायम "सिस्टर" म्हणता. बरोबरच आहे, बावीस वर्षं स्टाफ नर्स आहे मी. ॲडमिशनच्या वेळी तुमच्या एसी केबिनमध्ये तुम्ही म्हणाला होतात, "सिस्टर, किती दिवस डॉक्टरांच्या मागे फाईल घेऊन फिरणार? आता तुमच्याच घरातला डॉक्टर पुढे चालेल." माणसाची दुखरी नस तुम्हाला न तपासता सापडते. ते वाक्य माझ्या वर्मी लागलं आणि मी चेक फाडला. पण त्याच केबिनमध्ये, त्याच टेबलावर, माझी लेक एक वही घेऊन बसली होती. ती वही तुम्हाला आठवते का?

निळ्या पुठ्ठ्याची शंभर पानी वही. २०१६ च्या ऑगस्टमध्ये गोदावरीला मोठा पूर आला, तेव्हा ती पाचवीत होती. सगळं नाशिक नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर आलं ते बघायला जातं, तशी तीही बापाच्या खांद्यावर बसून गेली. लोक म्हणत होते, कमरेपर्यंत आलं, छातीपर्यंत आलं, आता डोक्यावरून गेलं. ती घरी येऊन विचारायला लागली, की मारुती किती उंच आहे. त्या दिवसापासून ती पेपरातले आकडे उतरवायला लागली. गंगापूर धरणातून किती क्युसेक सोडलं, होळकर पुलाखालून किती गेलं, किती वाजता. धरणातून सोडलं त्यापेक्षा पुलाखालून जास्त कसं गेलं, हा प्रश्न तिने आठवीत विचारला आणि उत्तरही स्वतःच शोधलं, की मधल्या सगळ्या गावाच्या पावसाचं पाणी नदीत उतरतं. दहावीपर्यंत तीन वह्या भरल्या होत्या. तिसरी तुमच्या टेबलावर होती. तुम्ही दोन पानं उलटलीत आणि म्हणालात, "छान आहे. ही दोन वर्षं कपाटात ठेव." मग फॉर्मवर गणितासमोर काट मारलीत. "बायोलॉजी घेतोय ना आपण? गणिताचं ओझं कशाला?"

सर, तुमच्या सगळ्या कामांत मला हे सर्वांत मोठं वाटतं. ॲप्रनपेक्षाही. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीचं गणित तुम्ही पेनाच्या एका रेघेने बंद केलंत. त्या रेघेने तिची परतीची वाट बंद झाली. इंजिनीअरिंग गेलं, पाण्याचं शास्त्र गेलं, हवामान गेलं, आकड्यांवर उभं असलेलं जवळजवळ सगळंच गेलं. पीसीबीवाल्या मुलाला नीट नाही झालं तर पुन्हा नीट, पुन्हा रिपीटर बॅच, पुन्हा तुमचीच फी. हे तुम्हाला त्या दिवशी ठाऊक होतं. मला नव्हतं. तिला तर नव्हतंच. जाणत्या माणसाने न सांगणं, याला मी फसवणूकच म्हणते.

पुढची दोन वर्षं कशी गेली ते तुम्हाला माहीत आहे, तुम्हीच आखली होती. कॉलेज नावाला, टाय-अपचं. सकाळी साडेसहाला डबा, रात्री नऊला घरी. दर रविवारी टेस्ट, दर सोमवारी भिंतीवर यादी. वरच्या मुलांची बॅच वेगळी, खालच्यांची वेगळी, आणि खालच्यांच्या खोलीत पंखा एकच. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विशाखापट्टणममधल्या नीटच्या एका विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात जे निर्देश दिले, त्यांत गुणांवरून मुलांच्या अशा बॅचेस पाडू नयेत हेही आहे. तुमच्याकडे ती यादी अजून भिंतीवर लागते, मागच्या आठवड्यात मी स्वतः पाहिली.

नीटच्या पेपरात १८० प्रश्न सोडवायचे, ७२० गुण. चुकलं की एक गुण वजा. तिने ते सगळं केलं. २०२४ मध्ये देशभरातून २३ लाखांहून जास्त मुलं त्या परीक्षेला बसली होती आणि एमबीबीएसच्या जागा होत्या लाखाच्या थोड्या वर. एवढ्या गर्दीतून ती पलीकडे गेली. त्यात तुमच्या शिकवण्याचा वाटा आहे, तो मी नाकारत नाही. तुमचे फिजिक्सचे सर खरंच चांगले आहेत. पण त्या १८० प्रश्नांत एकही प्रश्न असा नव्हता, की बाळ, दुखणाऱ्या माणसाशेजारी बसायला तुला आवडेल का? तो पेपरात नसतोच, मान्य. मग दोन वर्षांत एकदा तरी तुमच्या वर्गात विचारला गेला असता, तर काय बिघडलं असतं?

परजिल्ह्यातलं खासगी कॉलेज मिळालं. पतसंस्थेचं कर्ज काढलं, माझ्या पीएफमधून उचल घेतली. पहिलं वर्ष तिने नीट काढलं. डिसेक्शन हॉलची मला भीती होती. तुमच्यासारखे लोक विचारतात, "मुडद्याला घाबरली का?" तर ऐका, ती घाबरली नाही. फॉर्मॅलिनने डोळे झोंबायचे, रात्री जेवताना हाताला वास यायचा, तरी ती गेली. ज्यांनी देह दान केला त्यांच्यासमोर पहिल्या दिवशी शपथ घेतली, तेव्हा रडली, ते मला फोनवर सांगितलंही. ॲनाटॉमीत पास झाली. म्हसरूळच्या आरोग्य विद्यापीठाचा निकाल लागला तेव्हा मी रुग्णालयात पेढे वाटले.

दुसऱ्या वर्षी वॉर्डची पोस्टिंग सुरू झाली, आणि एका रात्री पावणेतीनला फोन आला. मी नाईटला होते, सलाईन बदलत होते. ती रडत नव्हती. शांत आवाजात बोलत होती, आणि त्या शांतपणानेच माझ्या हातापायांतलं बळ गेलं.

"आई, आज एका बाईची हिस्टरी घ्यायची होती. तुझ्याएवढी असेल. मी विचारलं, काय होतंय? ती बोलायला लागली आणि माझी नजर घड्याळाकडे गेली. रोज जाते. मी प्रयत्न करते, पण मला ते ऐकावंसंच वाटत नाही. आई, हे चुकीचं आहे ना? अशा माणसाने डॉक्टर व्हायला नको ना? मला शिकायचं नाही असं नाही. मला हे शिकायचं नाही."

सर, बावीस वर्षांत मी शेकडो डॉक्टर बघितले. पेशंट बोलत असताना घड्याळाकडे बघणारे खूप बघितले. आपण घड्याळाकडे बघतोय हे ज्याला कळलं आणि त्याची झोप उडाली, असा एकही आजवर मला येऊन बोलला नव्हता. ते माझी पोरगी बोलली, वीस वर्षांची असताना. तुमच्या भाषेत याला "फेज" म्हणतात आणि "कमकुवत मन" म्हणतात. मी याला जबाबदारी म्हणते.

उगीच भावनेच्या भरात बोलत नाही. दमलेलं मूल आणि चुकीच्या जागी अडकलेलं मूल, यांतला फरक मला कळतो. पहिल्या वर्षी हमसून हमसून रडलेली, घरी जायचं म्हणून बॅग भरलेली मुलं पुढे इंटर्नशिपला माझ्याच वॉर्डात आली आणि उत्तम डॉक्टर झाली. दमलेल्याला झोप दिली, घरचं जेवण दिलं, दोन पेपर मागे ठेवायची मुभा दिली, की तो पुन्हा उभा राहतो. म्हणून मी तिला आधी घरी आणलं. पंधरा दिवस नुसती झोपू दिली. मनोविकारतज्ज्ञांकडे नेलं, त्यांनी दोनदा निवांत बोलून सांगितलं, की हे डिप्रेशन नाही, मुलगी विचार करतेय, करू द्या. तिकडे थिअरीला ७५ टक्के आणि प्रॅक्टिकलला ८० टक्के हजेरीचा नियम डोक्यावर होताच. एकेक दिवस मोजून आम्ही तिला वेळ दिला. पंधरा दिवसांनी डोळ्यांखालची काळी वर्तुळं गेली, खाऊ-पिऊ लागली, हसू लागली, आणि प्रश्न तसाच राहिला. तेव्हा मला पटलं.

मग मी तुमच्याकडे आले. चूक केली म्हणा, पण तुम्हीच म्हणाला होतात, "आमचा विद्यार्थी आयुष्यभर आमचा." त्या केबिनमधलं तुमचं बोलणं मी शब्दन् शब्द सांगते, कारण हे पत्र त्यासाठीच लिहिलं आहे.

तुम्ही पहिल्यांदा म्हणालात, "ही बातमी दोन महिने बाहेर जाऊ देऊ नका, सिस्टर. नव्या बॅचच्या ॲडमिशन सुरू आहेत."

मग म्हणालात, "तिने एका गरिबाची सीट खाल्ली."

मुलगी कशी आहे, हे तुम्ही विचारलं नाहीत. चहा मात्र मागवलात.

सीटचं बोलू. दुसऱ्या वर्षी सोडलेली जागा पुन्हा भरली जात नाही, ती रिकामी राहते, हे खरं आहे. मला त्याचं दुःख आहे. त्या जागेसाठी कुठल्या तरी घरात कुणीतरी तिसऱ्यांदा नीटला बसलं असेल, हे मला माहीत आहे. पण तिला त्या जागेपर्यंत कुणी ढकललं? जिने कधी ती मागितली नाही, तिच्या हातात कपाटाची किल्ली देऊन वह्या आत ठेवायला कुणी लावल्या? अकरावीत तिचा प्रश्न ऐकून घ्यायला तुम्हाला एक तास लागला असता. एका तासात ती जागाही वाचली असती, माझे लाखो रुपयेही, आणि तिची ही तीन-चार वर्षंही. त्या तासाची फी लावली असतीत तरी मी दिली असती.

आणि तुम्हाला वाटत असेल, की असं एखादंच मूल. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्याच टास्क फोर्सने २०२४ मध्ये मुलांच्या मानसिक आरोग्यावर अहवाल दिला. पंचवीस हजारांहून जास्त एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांनी त्यात उत्तरं दिली होती. दर शंभरातल्या सोळा जणांनी जीव द्यायचा विचार मनात येऊन गेल्याचं सांगितलं. शंभरात सोळा. तुमच्या फ्लेक्सवर बत्तीस चेहरे आहेत, गणित तुम्हाला येतं. त्याच सुमारास आयोगाची जी आकडेवारी बाहेर आली, तीत पाच वर्षांत देशभरात हजाराहून अधिक वैद्यकीय विद्यार्थ्यांनी शिक्षण अर्ध्यात सोडल्याचं दिसतं. बहुतेक पदव्युत्तरचे, पण दीडशेच्या वर एमबीबीएसचेही. ज्यांना सोडता आलं ते या आकड्यात आले. ज्यांना पैशांमुळे, लाजेपायी, फ्लेक्सपायी सोडता आलं नाही, ते कुठे मोजले जातात?

पैशांचं तर विचारूच नका. सोडते म्हटल्यावर कॉलेजच्या कार्यालयाने उरलेल्या वर्षांच्या फीचा हिशेब असलेला कागद हातात दिला. सीट सोडण्याचा बाँड बंद करा, त्याने मुलांवर ताण येतो, असं आयोगाने जानेवारी २०२४ मध्येच सगळ्या राज्यांना लिहिलं आहे. पत्र लिहिलं गेलं, कागद अजून येतोच आहे. त्या लढाईसाठी मी वेगळा वकील पाहिलाय, त्यात तुमचा संबंध नाही. पण एमबीबीएस म्हणजे साडेचार वर्षं आणि वर वर्षभराची इंटर्नशिप, सोडायचं तर हे दंड, सरकारी कॉलेजात शिकलं तर वर्षभर ग्रामीण सेवा नाहीतर दहा लाख, पहिल्या वर्षाला चारच प्रयत्न, हे सगळं ॲडमिशनआधी पालकांना सांगायला काय लागतं? तुमच्या गुळगुळीत माहितीपुस्तिकेत टॉपरच्या आवडत्या चॉकलेटचं नाव आहे. यातलं एक अक्षर नाही.

तुमच्या बायोलॉजीच्या वर्गात डार्विनचं चित्र लावलंय, दाढीवालं, मोठं. त्या माणसाचं काय झालं होतं ते तुमच्या सरांनी मुलांना कधी सांगितलं का? बाप डॉक्टर, आजोबा डॉक्टर. सोळाव्या वर्षी, १८२५ मध्ये, एडिंबरोला वैद्यकीच्या शिक्षणाला धाडलं. क्लोरोफॉर्म येण्याआधीचे दिवस. लहान मुलावरची शस्त्रक्रिया बघवेना म्हणून तो उठून बाहेर पळाला, आणि १८२७ मध्ये कॉलेजच सोडलं. एडिंबरोच्या चौकात त्याचा फ्लेक्स लागला नव्हता, म्हणून बिचारा घरी जाऊ शकला. आपल्याकडे डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे सर्जन होते, चांगली चालती प्रॅक्टिस टाकून १९६९ च्या सुमारास पूर्णवेळ नाटकात आले, वय चाळिशीपार. त्यांनी पदवी पूर्ण केली होती, हे मला माहीत आहे, तुम्ही तेच म्हणाल. पण माणसाने कधी वळावं याचा मुहूर्त क्लासने काढायचा नसतो, एवढंच मला म्हणायचंय. माझी लेक उद्या परत जाते म्हणाली, तर मी स्वतः तिला सीबीएसवरून बसमध्ये बसवीन. नाही म्हणाली तरी तिच्यासोबतच उभी असेन. ठरवायला तिला अजून वेळ हवाय. तो मी देणार आहे, भले घरातले, दारातले, लग्नकार्यातले सगळे विचारोत, "काय मग, डॉक्टरीणबाई?"

आता मुद्द्याचं. यंदाच्या बॅचसाठी तुम्ही नवा फ्लेक्स लावलात. तोच फोटो, तोच ॲप्रन, खाली लिहिलंय "एमबीबीएस, द्वितीय वर्ष". तुमच्याकडे आम्ही सगळं सांगून आल्यानंतर तीन आठवड्यांनी. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने कोचिंगच्या जाहिरातींसाठी नियम काढले आहेत. विद्यार्थ्याचं नाव, फोटो वापरायचा तर त्याची लेखी संमती लागते, आणि तीसुद्धा निकालानंतर घेतलेली. तुमच्या ॲडमिशन फॉर्मच्या मागच्या पानावर बारीक अक्षरांत जे छापलंय आणि ज्याच्याखाली माझी सही आहे, ते या नियमात बसत नाही. तिची संमती नव्हती आणि नाही. तुम्ही ते काढा.

फक्त याच कारणासाठी नव्हे, आणखी एका कारणासाठीही. पहिला फ्लेक्स पावसाळ्यात उतरला. कुठे गेला, कुणाला ठाऊक. एक दिवस आम्ही दोघी सोमेश्वरकडे गेलो होतो, धबधबा बघायला, तिलाच बघायचं होतं पाणी किती आहे. येताना रस्त्यात कणसाची गाडी लागली. वरून पाऊस, म्हणून त्या माणसाने गाडीवर फ्लेक्स बांधलेला. खाली निखारे, वर धूर, आणि त्या धुरात उलटी लटकलेली माझी मुलगी, ॲप्रनसकट. काजळी धरलेली. ती ओळखून थांबली. मी म्हटलं, चल. ती म्हणाली, "थांब ना." तिने दोन कणसं घेतली, मीठ-लिंबू लावून. खाताना एकदाही वर बघितलं नाही. तेव्हा ॲडमिशनही झाली नव्हती, सगळं पुढे होतं. त्या दिवशी मी तिला विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही, पावसाला शिव्या देत स्कूटर काढली.

येत्या रविवारपर्यंत फ्लेक्स उतरवा. सोमवारी सकाळी नाईट संपली की मी शिडी घेऊन चौकात येईन. माझ्यासोबत तीही येईल म्हणते. उतरवलेला फ्लेक्स मी घरी नेणार आहे, कणसाच्या गाडीवर जाऊ देणार नाही.

आणि त्या तीन वह्यांपैकी तिसरी तुमच्याकडेच राहिली आहे, त्या दिवशी टेबलावर. शोधून ठेवा. बारावीचं गणित वेगळं देता येतं का, याची तिने चौकशी सुरू केली आहे. देणार का, ते अजून सांगत नाही. पण वही मागितली आहे.

आपली,
डावीकडून तिसऱ्या मुलीची आई
नाशिक

ता. क. तुमच्या क्लासमध्ये आज बसलेल्या मुलांपैकी कुणी हे वाचत असेल, तर बाळा, रात्री फार जड वाटलं तर टेलिमानसला १४४१६ वर फोन कर, मराठीतही बोलतात, पैसे लागत नाहीत. आणि सकाळी आईला उठव. ती नाईटला असली तरी.